मनगट लोंबत होतं, हेही लिहा

विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "उजवा हात वर करता येतो का तुम्हाला?"

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माझा अशील उभा होता. गवंडी, वय चौतीस, सातारा तालुक्यातल्या एका गावचा. त्यानं हात उचलला, आधी खांद्यापर्यंत आणि मग कानाच्या वर. माणूस सरळ होता. जेवढं येत होतं तेवढं त्यानं करून दाखवलं. लगेच वाक्य टाइप झालं : 'हे खरे आहे की, मी उजवा हात वर करू शकतो.' वकीलसाहेब पुढच्या प्रश्नाकडे वळले.

हात वर गेला होता, खरंच. पण कोपराच्या पुढे मनगट वेलीवर वाळलेल्या दोडक्यासारखं खाली लोंबत होतं. दंडाचं हाड मोडलं तेव्हा त्याला वेढून जाणारी शीरही दुखावली होती. प्लेट घातली, हाड जुळलं, मनगट मात्र उचलेना. ज्याला मनगट उचलत नाही त्याला थापीनं माल भिंतीवर मारता येत नाही. गिलाव्यावर रंधा फिरवता येत नाही, परांचीवर चढताना बांबू धरता येत नाही. यातलं काहीही त्या वाक्यात आलेलं नव्हतं.

मी उठून म्हटलं, "साहेब, हात वर करताना मनगट लोंबत होतं, हेही नोंदवून घ्यावं."

समोरून हरकत आली. न्यायाधीशांनी त्याला पुन्हा हात वर करायला सांगितला, चष्मा वर सारून नीट पाहिलं आणि एक ओळ सांगून टाइप करून घेतली. पुढे निकालात त्या एका ओळीवर अख्खा परिच्छेद उभा राहिला.

साताऱ्यात अपघाताचे दावे चालवायला लागून मला वीस वर्षं होऊन गेली. आमच्या जिल्ह्याच्या मधून पुणे-बेंगळुरू महामार्ग जातो. शिरवळला शिरतो आणि कराड ओलांडून बाहेर पडतो. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर येणारं एस आकाराचं वळण सगळ्यांना माहीत आहे, तिथं किती गाड्या उलटल्या याची गणती नाही. पण माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक वेळा घाटातली नसतात. ती गावाजवळची असतात. दूध घालून परत येणारा, शाळेतून पोरांना आणणारी, शेतातून महामार्ग ओलांडून घरी जाणारा म्हातारा. पाठीमागून किंवा समोरून एक मोटार येते आणि त्या घराचा पुढचा सगळा हिशोब बदलून जातो.

हा हिशोब मांडायचं काम माझं. मोटार वाहन कायदा 1988 सालचा. त्याच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा, गावाकडच्या भाषेत 'क्लेम टाकायचा'. अपघात कुठंही झालेला असो, जखमी जिथं राहतो तिथं अर्ज करता येतो. आमच्या भागातली हजारो माणसं मुंबई-नवी मुंबईत माथाडी म्हणून राबतात. तिकडे अपघात झाला म्हणून तारखेला तिकडेच खेटे घालावे लागतील असं समजून कितीतरी जण दावाच करत नाहीत. घर साताऱ्यात असेल तर दावा साताऱ्यात चालतो, हे मी लग्नाच्या मांडवातसुद्धा सांगते.

सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मात्र मी कुणाला आपणहून सांगत नसे. वकिलीचं तिसरं वर्ष होतं. विशीतल्या एका मुलाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. मी डिस्चार्ज कार्ड लावलं, बिलं लावली, सरकारी दवाखान्यातला अपंगत्वाचा दाखला लावला. पाय नाही हे डोळ्यांना दिसत होतं, त्याला आणखी काय सिद्ध करायचं, असं मला वाटलं. दाखल्यावर सही करणाऱ्या डॉक्टरांना मी साक्षीला बोलावलं नाही. त्यांना समन्स काढायचं, ते रजेवर, मग पुढची तारीख, असं करत सहा महिने गेले असते आणि त्या मुलाच्या आईला पैशाची घाई होती. निकालात लिहून आलं की दाखला सिद्ध झालेला नाही. औषधोपचाराचा खर्च मिळाला, वेदनेपोटी थोडी रक्कम मिळाली. पुढच्या चाळीस वर्षांच्या कमाईचं काहीच मिळालं नाही. अपील करा म्हणून मी त्यांच्या घरी दोनदा गेले. आई म्हणाली, "ताई, आता पुरे झालं. जेवढं आलं तेवढं बास." आणि मला चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो. तेव्हापासून डॉक्टरांची साक्ष झाल्याशिवाय मी एकही जखमीचा दावा पुढे नेलेला नाही, मग तारखा कितीही लागोत.

पुढे 2010 साली सर्वोच्च न्यायालयाचा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल आला. दाखला नुसता जोडून भागत नाही, डॉक्टरांची साक्ष हवी, हे त्यात आहेच. पण माझ्या दृष्टीनं त्यातली मोठी गोष्ट वेगळी. शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं अपंगत्व यांत फरक आहे, आणि न्यायाधिकरणानं शोधायचं ते दुसरं. डाव्या हाताचं एक बोट गेलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभा राहू शकतो. तेच बोट तबला वाजवणाऱ्याचं गेलं तर त्याचं काय उरलं? टक्केवारी हाडावर मोजायची नाही, कामावर मोजायची.

त्या गवंड्याच्या दाखल्यावर लिहिलं होतं, 'उजव्या हाताचे 40 टक्के'. विमा कंपनीचं म्हणणं, हे एका हाताचं आहे, सगळ्या शरीराचं धरलं तर 15 टक्केच. आता आकडे पाहा. त्याचं उत्पन्न महिना 12,000 धरलं गेलं. वय चाळीसच्या आत आणि काम स्वतःच्या हाताचं, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे. 2017 च्या प्रणय सेठी निकालानं ते ठरवून दिलंय. झाले 16,800. वर्षाचे 2,01,600. त्याला वयाचा गुणक. हे गुणकांचं कोष्टक 2009 च्या सरला वर्मा निकालातलं, 31 ते 35 वयाला 16. म्हणजे 32,25,600. त्याचे 15 टक्के घेतले तर 4,83,840 होतात. न्यायाधिकरणानं कमाईचं अपंगत्व 60 टक्के धरलं, तेव्हा झाले 19,35,360. मधल्या साडेचौदा लाखांचा फरक त्या लोंबणाऱ्या मनगटाचा होता. ती ओळ लिहिली गेली नसती तर मनगट तेवढंच लोंबत राहिलं असतं आणि कागदावर हात वर गेलेला असता.

त्यातही ते 12,000 सुखासुखी आले नव्हते. खरी मजुरी दिवसाला 700, महिन्यात पंचवीस दिवस काम. पण गवंड्याला पगारपत्रक कोण देतो? ज्याच्याकडे सात वर्षं काम केलं त्या ठेकेदाराला भेटायला मी स्वतः गेले. त्यानं खुर्ची दिली, माणूस चांगला आहे, हात सोन्याचा आहे, असं भरभरून सांगितलं आणि साक्षीचं नाव काढताच म्हणाला, "मॅडम, मला ह्यात नका ओढू. उद्या माझीच वही मागतील." शेवटी कामी आलं ते बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं नोंदणीपत्र. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला दिल्याशिवाय ती नोंदणी होत नाही. त्यानं ती मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी केली होती. पोरीच्या वह्या-पुस्तकांसाठी काढलेला कागद बापाच्या हाताची किंमत सांगायला उभा राहिला. तेव्हापासून ओळखीचा कुणी गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाला दिसला की मी आधी विचारते, नोंदणी केलीस का.

जे राबतात त्यांच्या राबण्याचा कागद नसतो, ही माझ्या कामातली खरी अडचण आहे. कायदा त्या मानानं बरा आहे. निष्काळजीपणा फौजदारी खटल्यासारखा संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठं झुकतं एवढं पाहतात. पोलीस केसमध्ये ड्रायव्हर सुटला तरी दावा बुडत नाही. पण शक्यतेच्या पारड्यात टाकायला तरी काहीतरी हातात लागतं.

आणि ते पहिल्या चार दिवसांतच निसटतं. जखमी दवाखान्यात बेशुद्ध, घरचे रक्त नि पैसे गोळा करण्यात, आणि तिकडे मोटारीचा ड्रायव्हर पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद देऊन मोकळा : 'मोटारसायकलस्वार अचानक आडवा आला.' घटनास्थळाचा पंचनामा होतो तेव्हा गाड्या हलवलेल्या असतात. पंच म्हणून जवळच्या टपरीवाल्याची सही. काचा कुठं पडल्या होत्या, ब्रेकच्या खुणा कुठून कुठंपर्यंत, रस्त्याची कडा किती अंतरावर, या तीन गोष्टींवर पुढे भांडण चालणार असतं. त्या राहून गेल्या तर निम्मी चूक जखमीच्या माथी बसते आणि भरपाईतले निम्मे पैसे तिथंच जातात. म्हणून नातेवाईक फोन करतात तेव्हा मी पहिल्यांदा सांगते, घरातला एक जण दवाखान्यात ठेवा आणि एकाला जागेवर पाठवा, मोबाईलवर फोटो काढायला. ज्यानं उचलून गाडीत घातलं त्याचा नंबर घ्या. मदत करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे, कलम 134अ. त्याच्या मनाविरुद्ध त्याला साक्षीदार करता येत नाही, नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. पण प्रेमानं विचारलं तर माणसं येतात. एक उसाचा ट्रॅक्टरवाला माझ्या एका केसमध्ये तीन तारखांना पदरचं डिझेल जाळून आला.

दवाखान्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी एक माणूस येतो. हातात फळांची पिशवी. मोटारमालकाचा मेहुणा किंवा गावचा कुणी पुढारी. पोरगं तरुण आहे, नोकरीला लागायचंय, केस करू नका, आपण आपसात मिटवू. पंचवीस-तीस हजार देतात, स्टॅम्पपेपरवर सही घेतात. आपली माणसं भिडस्त. त्या पोराचं आयुष्य कशाला खराब करायचं, असं जिचा नवरा अतिदक्षता विभागात आहे ती बाईच मला म्हणते. मी तिला परोपरीनं समजावते : वहिनी, त्याचं काही बुडत नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. गाडीचा विमा आणि ड्रायव्हरचा परवाना धड असेल तर पैसे विमा कंपनी देते, ते पोरगं देत नाही. हे ऐकून चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी कितीदा पाहिलाय. भरपाई मागणं म्हणजे कुणावर सूड घेणं, हे मनात इतकं पक्कं बसलेलं असतं.

ठोकणारी गाडी सापडलीच नाही, तर लोक हात जोडून गप्प बसतात. तेही बरोबर नाही. 1 एप्रिल 2022 पासून पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातात मृत्यू झाला तर 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 मिळतात. त्याचा अर्ज न्यायालयात करायचा नसतो, प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. रक्कम थोडी आहे, पण दहाव्याला उसने काढलेले पैसे त्यातून फिटतात.

त्याच तारखेपासून एक वाईट बदलही झाला. दावा करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली. 1994 साली संसदेनं हीच मुदत काढून टाकली होती, कारण ती गरिबाच्या गळ्याला लागत होती. ती परत का आणली, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. सहा महिन्यांत मोडलेलं हाड नीट जुळत नाही. प्लेट काढायची शस्त्रक्रिया दीड वर्षांनी असते. घर दुःखातून बाहेर येत नाही. या मुदतीला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे, तरी मी कुणाला त्याच्या भरवशावर थांबू देत नाही. दशक्रियेला गेले तरी कोपऱ्यात बसलेल्या दिराला किंवा भावाला हळूच सांगून येते : कागद गोळा करा, सहा महिने आहेत. अशा वेळी हे बोलताना जड जातं, पण न बोलता परत आले तर त्याहून जड जाईल.

आता सध्या चालू असलेला एक दावा. कोरेगाव तालुक्यातली बाई, वय अडतीस. सकाळी दूध घालून परत येताना मोटारीनं उडवलं. कमरेचं हाड आणि उजवा गुडघा मोडला. आता काठी घेऊन चालते. नवरा माझ्या ऑफिसात आला, माझ्या कारकुनानं नेहमीच्या नमुन्यात माहिती लिहून घेतली. 'जखमीचा व्यवसाय?' नवरा म्हणाला, "काही नाही, घरीच असते." कारकुनानं लिहिलं : 'काही नाही.'

तो कच्चा मसुदा माझ्यासमोर आला आणि मी पेन खाली ठेवलं. नवऱ्याला आत बोलावलं. म्हटलं, "दादा, म्हशी किती?" "दोन." "धार कोण काढतं?" "तीच." "शेण, वैरण?" "तीच की." "आता कोण काढतं?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "एक म्हैस इकली."

दूध संकलन केंद्राचं खातं नवऱ्याच्या नावावर होतं. आमच्याकडे बहुतेक घरांत तसंच असतं. मी तिथल्या नोंदी मागवल्या. रोजची तारीख, लिटर, फॅट, भाव, सगळं लिहिलेलं होतं. अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत रोज नऊ-साडेनऊ लिटर. त्यानंतर पाच, चार, आणि म्हैस विकल्यावर तीन. धार काढायला उकिडवं बसावं लागतं. ज्या गुडघ्यात दोन स्क्रू आहेत तो वाकत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यात जे 35 टक्के लिहिलंय, ते त्या केंद्राच्या वहीत लिटरमध्ये लिहिलेलं होतं.

पण दूध बाहेर जातं म्हणून त्याची वही असते. घरात जे होतं त्याची कोणती वही? जानेवारी 2021 मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात सर्वोच्च न्यायालयानं घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचं मोल धरायलाच हवं, हे पुन्हा सांगितलं. त्यात सरकारच्याच पाहणीतले आकडे आहेत : घरातल्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं देते आणि पुरुष 97. हा निकाल मी प्रत्येक अशा दाव्याला जोडते. तरीही सरासरी म्हणजे कुणी एक बाई नसते. उलटतपासणीत प्रश्न येतो तेव्हा साक्षीदाराला स्वतःचा दिवस सांगता यावा लागतो, आणि आमच्या बायकांना तो सांगता येत नाही. "काय सांगू मॅडम, सगळ्याच करत्यात ते," म्हणतात.

म्हणून गेली काही वर्षं मी अशा अशिलांना एक वही देते. अपघाताच्या आधी सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत काय काय करत होता, ते लिहून आणा, सुचेल तसं. या बाईंना लिहिता येत नव्हतं. त्या सांगत गेल्या आणि मुलीनं लिहिलं. पंधरा दिवसांनी वही आली. शाळकरी, गोल अक्षर, लाल शाईनं समास आखलेला.

'4:30 उठते. शेण काढते. दोन्ही म्हशींची धार. चूल पेटवते, पाणी तापवते. आज्जीला उठवून मोरीत नेते. 6 वाजता दूध घालायला जाते. आल्यावर भाकरी, नऊ-दहा. बारक्याचा डबा. माझी वेणी.' अशी चार पानं भरली होती. भांगलण, वैरणीचा भारा, विहिरीवर धुणं, आजीच्या गोळ्या, भरायचं लाइटबिल. शेवटी, 'रात्री भांडी, मग बारक्याला पाढे म्हणायला लावते. 10 वाजता झोपते.'

त्याखाली एक ओळ सोडून त्याच अक्षरात लिहिलं होतं : 'आता ह्यातलं शेतातलं सोडून सगळं मी करते. शाळेला मंगळवारी आणि शुक्रवारी जाते.'

आईनं हे सांगितलं होतं की मुलीनं आपल्या मनानं लिहिलं, हे मी विचारलं नाही. जखमीची कामं घरातलं माणूस फुकट करतं म्हणून त्या कामांची किंमत शून्य होत नाही, हा मुद्दा मी युक्तिवादात मांडणारच आहे. ती ओळ शपथपत्रात नवव्या परिच्छेदात घातली आहे, 'मी'च्या जागी फक्त 'माझी मुलगी' केलंय. वही मूळ प्रतीत दाखल केली आहे, तिला निशाणी 22 मिळाली. विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीसाठी मुदत मागितली, पुढची तारीख 14 ची पडली. तो शुक्रवार आहे. मी मुलीला सोबत आणू नका म्हणून सांगितलंय.